नावाचं भाडं

आमचे हे बूट दुरुस्त करतात. चव्वेचाळीस वर्षं झाली, तेच दुकान आणि तेच स्टूल. दुकान इतकं लहान की आत दोन गिऱ्हाइकं आली तर तिसऱ्यानं पायरीवर उभं राहायचं. ह्यांना बोलायचा कंटाळा. घरात विचारा, भाजीत मीठ बरोबर आहे का, तर मान हलवतील, आणि ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, ते आपण ओळखायचं. मात्र कोणाची टाच एका बाजूनं झिजलेली दिसली, की त्या माणसाच्या गुडघ्यापासून मानेपर्यंत काय काय दुखत असेल ते सगळं सांगून मोकळे होतात. हा माणूस वेबसाइट चालवतो असं सांगितलं तर लोक माझ्याकडे संशयानं बघतात. खरं तर चालवते मी. पण कल्पना त्यांची आणि ध्यासही त्यांचाच, म्हणून गोष्टही त्यांचीच म्हणायची.

सुरुवात झाली माझ्या पायांपासून. चार वर्षांची असताना मोठ्या तापातून उठले, ती डावा पाय आखडूनच. आज डाव्या पायाला चार नंबरचा बूट लागतो आणि उजव्याला सहाचा. म्हणजे एक जोड घालायचा तर दोन जोड विकत घ्यायचे. तरुणपणी ते परवडायचं नाही, म्हणून मी मोठ्या बुटात कापूस कोंबून चालायची. एकदा सोल उसवला म्हणून ह्यांच्या दुकानात गेले. तेव्हा हे वडिलांच्या शेजारी बसून टाके घालत होते. बुटातून कापसाचा बोळा निघाला तसे हे माझ्यावर चिडले. ओळख ना पाळख, आणि सरळ म्हणाले, असंच चालत राहिलात तर चाळिशीत काठी घ्याल. मला भयंकर राग आला, आणि पुढच्या आठवड्यात मी परत गेले. बाकीचं तुम्ही समजून घ्या.

लग्नानंतर ह्यांनी मला कधी कापूस कोंबू दिला नाही. दर वेळी दोन जोड घ्यायचे. उरलेला सहाचा डावा आणि चारचा उजवा माळ्यावर जायचा. फेकवत नाही आणि वापरता येत नाही, अशी ती भानगड. वीस वर्षांत माळ्यावर बुटांचा अनाथाश्रम झाला. मी कटकट करायची, हे मान हलवायचे. मग एक दिवस दुकानात एक शिक्षिका आल्या. त्यांचा उजवा पाय अपघातात गेलेला. त्यांना एकच डावा बूट हवा होता, आणि बाजारात एकच बूट कोणी विकत नाही. नंबर विचारला, तर सहा. ह्यांनी बाईंना स्टुलावर बसवलं, दुकान तसंच उघडं टाकून घरी आले, माळ्यावर चढले आणि पिशवीभर डावे बूट घेऊन गेले. त्या संध्याकाळी हे न विचारता बोलायला लागले. तुझ्या उलट मापाचं कोणीतरी असणारच, डावा सहा, उजवा चार, ते माणूस सापडलं तर दोघींचं भागेल, असे किती असतील कोण जाणे, त्यांना एकमेकांपर्यंत पोचवायला हवं. जेवण गार झालं तरी थांबायला तयार नाहीत.

माझी भाची, बहिणीची मुलगी, तेव्हा कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरीला लागली होती. तिनं दोन रविवार खर्च करून वेबसाइट करून दिली. लोकांनी आपल्या दोन्ही पायांची मापं लिहून पाठवायची, आम्ही उलट मापाचा माणूस शोधायचा, मग त्या दोघांनी मिळून दोन जोड घ्यायचे आणि आपापसांत वाटून घ्यायचे. एकच पाय असलेल्यांचंही तसंच. खर्च किती येईल, असं ह्यांनी विचारलं तेव्हा भाची म्हणाली, काका, काही नाही, फुकट आहे. ती खोटं बोलली नव्हती. पहिलं वर्ष फुकटच होतं. फुकटालाही मुदत असते, हे आम्हाला दुसऱ्या वर्षी कळलं.

मग तिनं ह्यांना समजेल असं समजावून सांगितलं. वेबसाइट म्हणजे दुकान समजा. ती ज्या कॉम्प्युटरवर ठेवलेली असते तो दिवसरात्र चालू ठेवणारी एक कंपनी असते. तिला जागेचं भाडं द्यायचं, त्याला होस्टिंग म्हणतात. दाराला कुलूप लागतं, म्हणजे लोक आपल्याला जे लिहितात ते वाटेत कोणी वाचत नाही. आपल्याला ते भाड्यातच मिळालंय, काही ठिकाणी त्याचे वेगळे पडतात. वेबसाइटच्या नावाची टपालपेटी, म्हणजे ईमेल, हवी असेल तर तिचे वेगळे. आणि नावाचे, म्हणजे डोमेनचे, वर्षाला वेगळे. ह्यांनी हे सगळं सोलमध्ये मांडलं, कारण ह्यांचं डोकं त्याच हिशोबात चालतं. जागा म्हणजे वर्षाला सहा जोडांचे सोल बदलण्याची मजुरी, टपालपेटी दोन जोडांची, नाव एका जोडाची. नऊ जोड, म्हणाले, जमेल.

जमलंही असतं, पण ह्यांनी असा एक घोळ घातला की जो दुकानदारानंच घालावा. जागेचे तीन वर्षांचे एकदम भरून आले, कारण त्यात सूट होती. नावाचे मात्र एकदाच भरले, पुढच्या वर्षी भरलेच नाहीत. ह्यांच्या डोक्यात नाव म्हणजे पाटी. पाटी एकदा रंगवून घ्यायची, पेंटरचे पैसे द्यायचे, विषय संपला. दुकानावरची पाटी माझ्या सासऱ्यांनी रंगवून घेतलेली, ती अजून आहे, तिचं भाडं कधी कोणी मागितलं नाही. मुदत उलटली, वेबसाइट दिसेनाशी झाली, आणि हे फोनवर भाचीशी हुज्जत घालत बसले की मी तीन वर्षांचं भाडं भरलंय. जागा होतीच हो, पण पाटी उतरवल्यावर तिथे कोणी पोचायचं कसं? भाचीनं सांगितलं, नाव कायमचं विकत मिळतच नाही, वर्षावर्षाच्या मुदतीनंच घ्यावं लागतं. मुदत संपल्यावर, आपण नाव घेतलंय त्या कंपनीत महिनाभर सवड असते, तेवढ्यात नेहमीच्या पैशांत परत मिळतं. पुढचा महिनाभर दंड भरून. त्यानंतर ज्याला हवं त्यानं उचलावं.

"पाटीलासुद्धा भाडं?" हे म्हणाले, आणि त्याच दुपारी भरून आले. तेव्हापासून नावाची मुदत सांभाळायचं काम माझ्याकडे आलं. मुदतीच्या सूचना माझ्या जुन्या ईमेलवर यायच्या. मी लक्ष ठेवीन, असा मी शब्द दिला होता.

खर्च पुढेही निघतच राहिले. लोक बुटांचे आणि पायांचे इतके मोठमोठे फोटो पाठवायचे की जागा भरली, मोठी घ्यावी लागली. एकदा कोणीतरी आत शिरून आमच्या पानांवर केस वाढवायच्या गोळ्यांच्या जाहिराती चिकटवून गेलं. आता आमच्याकडे पायांची तक्रार घेऊन येणाऱ्याला टकलाचं औषध कशाला? ते साफ करायला माणूस बोलवावा लागला, त्यानं अर्ध्या तासाचे चार जोड सोल घेतले. ह्यांनी एका शब्दानं घासाघीस केली नाही. दुरुस्ती करणाऱ्याशी भावावरून वाद घालायचा नाही, हा ह्यांचा नियम आहे.

पण एक खर्च भाचीनं सांगितला नव्हता आणि ह्यांनी सोलमध्ये मांडला नव्हता. ह्यांच्या बोटांना भेगा, नखांत चिकटवायचं सोल्यूशन वाळलेलं, डोळे अधू. कॉम्प्युटरला आपण हात लावायचा नाही, हे त्यांनी आपलं आपणच ठरवून टाकलं. म्हणून रोज पाच ते आठ मी. दिवसाला दहा-पंधरा पत्रं. मापं वहीत उतरवायची, उलट माप शोधायचं, मग रंग, मग टाचेची उंची, मग एकाला भारीतला हवा आणि दुसऱ्याला स्वस्तातला. जुळवून दिल्यावर दोघांत वाजलं तर निवाडाही माझ्याकडेच. बहिणीकडे चार दिवस राहायला गेले, तर तिच्या स्वयंपाकघरात बसून पत्रं लिहिली. सुरुवातीला जोडी जुळली की मी धावत जाऊन ह्यांना सांगायची, हे काम थांबवून ऐकायचे. पुढे पुढे मी नुसतीच वहीत खूण करायला लागले. अशी नऊ वर्षं गेली.

दमले होते हो मी. पाठ धरायची, डोळ्यांतून पाणी यायचं. पण कंटाळा आला असं म्हणायची सोय नव्हती. माझ्याच पायांपायी ह्या माणसानं एवढा खटाटोप उभा केला, आणि मीच म्हणायचं की पुरे? माझी जीभच रेटेना.

ह्या वर्षी एका गृहस्थांचं लांबलचक पत्र आलं. त्यांना जुळवून दिलेल्या जोडीदाराचा बूट तपकिरी होता आणि त्या गृहस्थांना हवा होता कॉफीच्या रंगाचा. दोन पानं त्यांनी माझी अक्कल काढली होती. त्यानंतर जुनं ईमेल उघडलं, तर मुदतीची पहिली सूचना पडलेली, तुमच्या नावाचे तीस दिवस उरले आहेत. मी ती वाचली आणि पुसून टाकली. बरं वाटलं. मग दुसरी आली, तिसरी आली, तीही पुसली. भाची आता दूरच्या गावी असते, तिच्याकडेही एक सूचना जाते. तिनं फोन केला, मावशी, नावाचे भरलेस ना? मी म्हटलं, भरले. इतक्या सहज म्हटलं की माझं मलाच नवल वाटलं.

मुदत संपली. वेबसाइट गेली, आणि टपालपेटी त्याच नावाची असल्यानं पत्रंही बंद झाली. ह्यांना काही कळायचं कारण नव्हतं. हे दुकानातून आले की विचारायचे, आज काही नाही? मी म्हणायची, नाही. पाच वाजता खिडकीशी खुर्ची ओढून, पाय वर घेऊन, मी रस्त्यावरची माणसं बघत बसायची. पहिला आठवडा स्वर्ग होता. दुसऱ्या आठवड्यात हे बंद कॉम्प्युटरकडे बघत म्हणाले, लोकांना आता बाजारातच मिळत असतील. मी म्हटलं, असेल. ते ऐकून हे हात धुवायला गेले आणि बराच वेळ नळ चालू राहिला.

पाचव्या आठवड्यात मी दुपारचं जेवण घेऊन दुकानात गेले होते, तेव्हा एक बाई आल्या. दोन बस बदलून आल्या होत्या. हातात कागदाची गुंडाळी, त्यावर त्यांच्या मुलीच्या दोन्ही पावलांच्या पेन्सिलनं काढलेल्या कडा. मुलगी नऊ वर्षांची, पाय माझ्यासारखेच, आणि वाढतं वय म्हणजे दर आठ महिन्यांनी नवे बूट. ह्यापूर्वी तीनदा तिला जोडीदार मीच शोधून दिला होता. बाई म्हणाल्या, वेबसाइट उघडत नाही, लिहिलेलं पत्र परत येतं, मला वाटलं तुम्हा दोघांचं काही...

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी समोरच्या बुटांकडे. हे पायरीवर जाऊन भाचीशी फोनवर बोलले, आत आले आणि बाईंना म्हणाले की नावाची मुदत संपलीय, दंड भरून परत घ्यायला अजून सव्वीस दिवस आहेत, कळवतो. दंड म्हणजे दहा जोड सोल. कागदाची गुंडाळी त्यांनी ठेवून घेतली.

चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तसे ते बोलतच नाहीत, पण ह्यांचं नेहमीचं न बोलणं आणि हे न बोलणं ह्यांतला फरक इतक्या वर्षांनी मला कळतो. चौथ्या दिवशी संध्याकाळी हे माझ्या बुटांना पॉलिश करत बसले होते, तेव्हा मी समोर जाऊन बसले.

"अहो, त्या सूचना आल्या होत्या. मी पुसल्या."

"माहीत आहे," हे म्हणाले. "भाची म्हणाली, मावशीनं भरले म्हणून सांगितलं. विसरली असतीस तर भरले म्हणाली नसतीस."

मग चार दिवस गप्प का बसलात, असं मी चिडून विचारलं, तर म्हणे, तू सांगायची वाट बघत होतो. तिथे माझा बांध फुटला. नऊ वर्षांचं सगळं बाहेर काढलं. पाठ काढली, डोळे काढले, बहिणीच्या स्वयंपाकघरात घालवलेले चार दिवस काढले, तपकिरी आणि कॉफी काढलं. तुम्ही कधी विचारलंत का, असंही म्हणाले. हे ब्रश हातात धरून ऐकत राहिले.

"मला बूट बघून कळतं," हे म्हणाले. "माणूस बघून नाही कळत. दमलीस तर दमले म्हणायचं. मी समजत होतो तुला आवडतं. तुझ्यासाठीच सुरू केलं होतं ना ते?"

आणि मी ते ह्यांच्यासाठी रेटत होते. मला रडू आलं, आणि ते पटकन थांबलंही नाही. हे उठून पाणी घेऊन आले. मग म्हणाले, जाऊ दे ते नाव, नको भरायला, खूप झालं. हे म्हणताना ते माझ्याकडे बघत नव्हते. फक्त त्या बाईंना तोंडानं सांगायला हवं, म्हणाले, फोनवर नको. रविवारी त्यांना घरी बोलावलं.

बाई आल्या. ह्यांनी सांगितलं की आम्ही बंद करतोय, वय झालं. बाईंनी विचारलं, ह्याला खर्च किती येतो, मी भरले तर? हे सांगायला लागले. जागेचं भाडं इतकं, फोटो फार झाले तर जास्त, टपालपेटीचे इतके, नावाचे दर वर्षी इतके, ह्या खेपेला दंड, आणि मोडतोड झाली तर दुरुस्तीचे. बाईंनी बोटांवर मोजलं.

"एवढंच?" त्यांनी विचारलं.

"एवढंच," हे म्हणाले.

"नाही," मी म्हटलं. "रोजचे तीन तास. त्याचे कोणी देत नाही. नऊ वर्षांत माझी एक संध्याकाळ माझी नव्हती. हे ऐकून मग काय ते ठरवा."

मला वाटलं बाई चपापतील. त्या नुसत्या थकलेल्या दिसल्या.

"संध्याकाळी माझ्या तशाही जातात, ताई," त्या म्हणाल्या. "महिन्याभरात मुलीला घेऊन अकरा दुकानं फिरले. प्रत्येक दुकानात तिला सगळ्यांसमोर मोजे काढून दोन्ही पाय दाखवावे लागतात. एका ठिकाणी विकणाऱ्यानं दुसऱ्याला हाक मारून बोलावलं, बघायला. काल तिनं मला विचारलं, आई, मी घरातच राहिले तर बूट नाही ना लागणार?"

मी त्या मुलीएवढी असताना माझी आईही मला अशीच दुकानादुकानांतून घेऊन हिंडली होती. विकणारे असेच वाकून बघायचे, आणि मी आईच्या पदरात तोंड लपवायची. नऊ वर्षं रोज ह्याच लोकांची पत्रं वाचून मला ते एकदाही आठवलं नाही, इतकी मी दमले होते. त्या बाईंसमोर मला माझी लाज वाटली, आणि दमणूक काही त्यानं कमी झाली नाही. दोन्ही एकदम होतं.

मी उठले, कॉम्प्युटर सुरू केला आणि बाईंना म्हटलं, ती खुर्ची ओढा इकडे. पासवर्ड लिहून घ्या. सोमवार ते बुधवार तुमचे, गुरुवार-शुक्रवार मी बघेन, शनिवार-रविवार बंद, लोकांनी खुशाल बोंबलावं. कोणी रंगावरून अक्कल काढली तर उत्तर द्यायचं नाही, हेही लिहून घ्या. बाई पर्समध्ये पेन शोधत होत्या. हे भाचीला फोन लावायला बाहेर गेले होते, आणि दंड आजच भरता येतो का, असं विचारत होते.